जोह्याच्या ड्रॅगनचे डोळे

(जोहे गावातला गणपतींचा कारखाना. दुपारचे तीन. दारात टेम्पो उभा.)

नझीर : तासभर झाला टेम्पो उभा हाय, हैबतराव. रघू ड्रायव्हर दोनदा चहा पिऊन आला. तुझा ड्रॅगन वाळलाय, रंगलाय, शेपटीला वार्निशसुद्धा मारून झालंय. फक्त दोन डोळ्यांसाठी कशाला अडवून ठेवलायस त्याला?

हैबतराव : फक्त दोन डोळे? मूर्तिकाराच्या कारखान्यात बसून बोलतोस, फक्त दोन डोळे?

नझीर : बरं, चुकलो. दोन मोठे डोळे. आता काढ.

हैबतराव : कसले काढू? वाघाचे काढू? नागाचे काढू? बैलाचे? डोळ्यांची आखणी करायची तर जनावर कुठलं, कुठल्या कुळातलं, ते ठाऊक लागतं. गणपतीचे डोळे मी झोपेतसुद्धा काढीन...

मनाली : बाबा.

हैबतराव : तू गप गो. ...झोपेतसुद्धा काढीन, कारण त्याचे आईबाप मला ठाऊक हायत. ह्या ड्रॅगनचे आईबाप कोण?

नझीर : अरे, तेच तर मी लिहून आणलंय! हे बघ, दोन पानं. आमच्या अष्टमी गावच्या गणपती मंडळाचा बोर्ड हाय, ‘ड्रॅगन आला कुठून?’ यंदा रोह्याच्या सजावट स्पर्धेत माहितीला वेगळे गुण देतायत. आणि उपाध्यक्ष म्हणून माहितीचं खातं माझ्याकडं.

हैबतराव : कुवेतला सत्तावीस वर्षं काढलीस, म्हणून दुनियेतलं सगळं तुला कळतं, असा अष्टमीतल्या पोरांचा समज झालाय.

नझीर : समज कशाला, खरंच कळतं. पण संध्याकाळी मांडववाले पुढचे बांबू ठोकणार. त्याआधी हा आत गेला नाय, तर मग जायचा नाय. शेपूटच बारा फूट केलंस. असं कर, आता तसाच देतोस काय? डोळे तिकडं येऊन काढ.

हैबतराव : ह्या कारखान्यातून आंधळं कायपण बाहेर जात नाय. बापाच्या वेळेपासून नाय. बाप्पाचा उंदीर घे, तोसुद्धा डोळे आखल्याशिवाय उंबरा ओलांडत नाय.

मनाली : ते खरं आहे, चाचा. त्यात बाबा ऐकणार नाहीत.

नझीर : मग काढा म्हटलं तर काढत नाय, आणि न काढता देत नाय! मी करू काय? आणि थांब, आधी एक सांग. ह्याच्या गळ्यात जानवं कशाला?

हैबतराव : कुठं?

नझीर : हे काय, खांद्यावरून पोटावर आलंय. सोनेरी.

हैबतराव : ...हात सवयीनं गेला असेल.

नझीर : पोटपण सवयीनं सुटलंय?

मनाली : पोटासाठी साचा एकच होता, चाचा. तोंड देवीच्या सिंहाचं, तुरा मोराचा, शेपूट शेषनागाचं. हाताचा साचा आमच्याकडे एकाच प्रकारचा असतो, म्हणून तो आशीर्वाद देतोय.

नझीर : मी मगाशी बघितलं, तेव्हा माझंच डोकं झुकलं. जाऊ दे, आशीर्वाद देतोय तर देऊ दे. हैबतराव, ऐक मग. तुला कूळ पायजे ना त्याचं? वाचतो. ‘ड्रॅगन हा मुळात घोरपड होता.’

हैबतराव : घोरपड.

नझीर : पुढं ऐक. चीनमध्ये एक म्हातारी अंगणात लाल मिरच्या वाळत घालून झोपली. घोरपड आली, पोटभर मिरच्या खाल्ल्या. आता घोरपडीला काय ठाऊक? तोंड भाजलं, डोळे लाल, फुसफुस करीत ती अंगणभर नाचली. म्हातारी उठली आणि ओरडत गावात गेली, आग ओकतेय, आग ओकतेय!

हैबतराव : आणि उडायला कधी लागली?

नझीर : तिखट लागल्यावर माणूससुद्धा हातभर उडतो.

हैबतराव : माझ्या शेताच्या बांधावर घोरपड हाय. तिच्या डोळ्यांत बघितलं तर वाटतं, हिनं अजून अंघोळ केली नाय. तसले डोळे काढू तुझ्या एवढ्या मोठ्या ड्रॅगनला? पोरं हसतील.

मनाली : मी एक सांगू? मला वाटतं, जुन्या काळी लोकांना जमिनीत मोठमोठी हाडं सापडली असतील. प्रचंड प्राण्यांची. तेव्हा कुणाला कळत नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या मनाने प्राणी उभा केला.

नझीर : हे फारच सरळ झालं, बेटा. ह्याला गुण मिळत नायत.

हैबतराव : आणि हाडांना डोळे नसतात. पुढचं वाच.

नझीर : पुढचं माझं स्वतःचं हाय. अष्टमीच्या पुलावर सुचलं. कुंडलिकेला पाणी चढलं की बघितलंस कशी दिसते? वळणं घेत, फुगलेली, वर धुकं, मधेच पाण्यावर चमक. डोंगरावरून कुणी पहिल्यांदा बघितली असेल, तर त्याला वाटलंच असेल, जनावर चाललंय. चीनमध्येपण नद्या हायत. म्हणून त्यांचा ड्रॅगन पाऊस पाडतो.

हैबतराव : हे जरा बरं हाय.

नझीर : मग काढ डोळे!

हैबतराव : नदीचे? नदीला डोळे कुठले?

नझीर : तू ना, हैबतराव, माझं रक्त आटवणार आज.

हैबतराव : माझं ऐकायचं तर ड्रॅगन म्हणजे आपली एसटी. लाल, लांब, घशातून आवाज, अंगातून धूर. वाट बघत बसलं तर दिसत नाय, आणि हात दाखवला तर थांबत नाय.

नझीर : धूर मागून येतो ना पण.

हैबतराव : ज्यानं पहिल्यांदा बघितली तो मागं धावत असेल. त्याला तेच तोंड वाटलं.

मनाली : बाबा, साडेतीन होत आले.

हैबतराव : कळतंय मला. हा ब्रश बरोबर नाय. केस फाकलेत त्याचे. आतून दुसरा आणतो. कुणी हात लावू नका त्याला.

नझीर : जा, जा. लवकर ये. ...मनाली, हा काय प्रकार हाय? तुझा बाप असा नव्हता. एकदा एका रात्रीत बारा गणपती डोळ्यांसकट उभे केलेन आमच्यासमोर.

मनाली : सकाळपासून चौथा ब्रश आहे, चाचा. चारही नवीन आहेत.

नझीर : मग?

मनाली : हात थरथरतो त्यांचा. अठरा दिवस झाले, एक डोळा आखला नाही. आतल्या खोलीत एकशे चाळीस गणपती प्लास्टिक घालून ठेवलेत. सगळं पूर्ण, पितांबर, दागिने, सोंडेवरची नक्षी, सगळं. डोळे नाहीत. गिऱ्हाईक आलं की सांगतात, रंग ओला आहे.

नझीर : या अल्ला. डॉक्टर?

मनाली : पेणला दाखवलं. गोळ्या दिल्यात. म्हणाले, थोडा आराम पडेल, पण पहिल्यासारखा हात होणार नाही. घरी आल्यावर बाबा म्हणाले, आईला सांगू नको.

नझीर : शकूवहिनीला ठाऊक नाय?

मनाली : आईला काय ठाऊक नसतं? ती आता चहा अर्धा कपच भरते त्यांचा.

नझीर : आणि तू? तुझा हात चांगला हाय. पितांबर तूच रंगवतेस ना?

मनाली : डोळे सोडून सगळं मीच करते, चार वर्षं. कंपनीतली शिफ्ट संपली की इथेच. तुटलेल्या मूर्तींवर डोळे काढून काढून हात बसवलाय. मला येतात, चाचा. खरंच येतात. पण मी ब्रश मागितला, तर त्याचा अर्थ काय होईल? बाबा, तुमचं झालं, आता सरका. मला नाही ते बोलता येत. त्यांनी दिला तरच.

नझीर : आणि तो देत नाय.

मनाली : ते ड्रॅगनचं कूळ शोधत बसलेत.

नझीर : हं. थांब. मी बघतो.

मनाली : चाचा, काहीतरी भलतंच बोलू नका हं.

नझीर : मी? मी माहितीचा माणूस हाय. ...आलास काय, हैबतराव? ये. मला एक आठवलं. हे दोन्ही कागद फाडून टाकतो. खरी गोष्ट वेगळीच हाय.

हैबतराव : कुठली?

नझीर : कुवेतला आमच्या क्रेनवर एक चिनी होता. अगदी जवळचा दोस्त. तो बोलायचा, त्यांच्या गावात ड्रॅगनचे डोळे जुना कारागीर काढतच नाय. मनाई हाय. ज्यानं आयुष्यात देवाचे डोळे आखले नायत, त्याच हातानं काढायचे. जुना हात लागला की ड्रॅगन रुसतो.

हैबतराव : रुसतो.

नझीर : तोंड फिरवतो. पीक जातं.

हैबतराव : आणि हे त्यानं तुला कुठल्या भाषेत सांगितलं?

नझीर : ...खुणांनी.

हैबतराव : एवढं सगळं? जुना कारागीर, मनाई, रुसवा, पीक?

नझीर : हुशार होता.

हैबतराव : गेल्या गणपतीत तू ह्याच स्टुलावर बसून बोललास, तुमच्या क्रेनवर सगळे केरळचे. चिनी माणूस तू फक्त टीव्हीत बघितलायस.

नझीर : ती दुसरी क्रेन.

हैबतराव : नझीर. तुला पोरीनं सांगितलं.

नझीर : नाय. काय? कशाबद्दल?

हैबतराव : चाळीस वर्षं तू थापा मारतोस आणि चाळीस वर्षं मी ओळखतो. तुझा उजवा कान लाल होतो.

मनाली : बाबा, मी सांगितलं. रागावायचं तर माझ्यावर रागवा.

हैबतराव : कुणावर रागावत नाय. बसा दोघं. बोर्डावर लिहायचं ना तुला? कागद उलटा कर आणि लिही. ड्रॅगन कुठून आला, ते मला ठाऊक हाय.

नझीर : मग मघापासून...

हैबतराव : लिही. पूर्वी, लई पूर्वी, ह्या जोह्यात एक म्हातारा मूर्तिकार होता.

नझीर : पूर्वी म्हणजे किती? बोर्डावर साल लागतं.

हैबतराव : चिनी लोकांना ड्रॅगन ठाऊक नव्हता तेव्हा.

नझीर : म्हणजे पाचेक हजार वर्षं.

मनाली : पाच हजार वर्षांपूर्वी जोहे होतं?

हैबतराव : भात पिकत होतं ना? मग जोहे असणार. मधे बोलू नको. तर त्या म्हाताऱ्यानं शंकराच्या गळ्यातला नाग करायला घेतला. साधा नाग. हजारदा केलेला. आणि अर्ध्यात त्याचा हात हलला. रेघ वाकडी गेली. आता काय करायचं? त्यानं आजूबाजूला बघितलं, कुणी बघत नव्हतं. ती रेघ झाकायला त्यानं तिथं एक पाय लावला.

नझीर : नागाला?

हैबतराव : नागाला. एका बाजूला एकच पाय बरा दिसत नाय, म्हणून दुसरा लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात हलला, पाठीवर रंग सांडला. तो झाकायला पंख लावले. जीभ रंगवायला गेला, तर लाल रंग तोंडाच्या बाहेर आला हातभर. तो बोलला, आग हाय ती.

नझीर : अरे, हे बरोबर बसतंय!

हैबतराव : बसणारच. मीपण अठरा दिवस तेच बघतोय.

मनाली : बाबा...

हैबतराव : त्याच्या घरात एक मुलगी होती. तिला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पण ती बोलली नाय. बापाला लागेल म्हणून. आणि म्हातारा बोलला नाय, कारण एकदा बोलला असता तर ब्रश खाली ठेवायला लागला असता. मग एक दिवस धरमतरच्या खाडीतून गलबत चाललं होतं. त्यातला व्यापारी माल बघायला आला. बोलला, हे कसलं जनावर? म्हातारा लाजेनं कायतरी बोलला. व्यापाऱ्यानं उचललं आणि घेऊन गेला.

नझीर : व्यापारी कोण होता?

हैबतराव : तुझाच कोणी पूर्वज. वाटेतल्या प्रत्येक बंदरात थापा मारत गेला. चीनला पोचेपर्यंत आग खरी झाली होती, आणि जनावर डोंगराएवढं.

नझीर : आमच्या घरात तशी पद्धत हाय, हे मान्य.

हैबतराव : आता दुनियाभर झालाय तो. झेंड्यावर काय, कपबशीवर काय. आणि झाला कशामुळं? एका घरात दोन माणसं गप्प बसली म्हणून.

मनाली : मी बोलायला हवं होतं, बाबा.

हैबतराव : तू नाय गो. मी. हे बघ. दोघंपण बघा. असा हात पुढं धरला की असा हलतो. बशी धरली तर वाजते. पंचेचाळीस वर्षं हा हात चालला, नझीर. लोक मूर्ती घेऊन जाताना माझ्यासुद्धा पाया पडायचे. लाज वाटते मला. पोरीसमोर जास्त वाटते.

नझीर : लाज कसली, यार. माझे गुडघे वाजतात, तो आवाज तर मशिदीत ऐकू जातो. मी काय घरात बसलो?

हैबतराव : तुझ्या गुडघ्यांना कुणी नमस्कार करीत नव्हतं.

नझीर : तेपण खरं.

मनाली : मला लाज नाही वाटत, बाबा. मला भीती वाटत होती. तुम्ही सरळ कारखानाच बंद कराल, अशी.

हैबतराव : मनात आलं होतं. दोनदा. ...नझीर, त्या रघूला सांग, हॉर्न वाजवलास तर टेम्पोत ड्रॅगनऐवजी तुला बांधीन.

नझीर : ऐकलं त्यानं. गप झाला.

हैबतराव : मनाली, इकडं ये. हा घे.

मनाली : कोणता?

हैबतराव : चौथा. पहिले तीनही चांगले होते, पण हा जरा जास्त चांगला हाय.

मनाली : बाबा, एक डोळा तुम्ही काढा. मी हात धरते तुमचा. दुसरा मी काढेन.

हैबतराव : नाय. दोन्ही डोळे एका हातानं. एक माझा, एक तुझा असं केलं, तर तो एका डोळ्यानं मांडवात बघेल आणि दुसऱ्यानं पेणला.

मनाली : चुकलं तर?

हैबतराव : ह्या जनावराचे डोळे अजून कुणी बघितलेत? म्हणून तर पहिला हा. बस. स्टूल जवळ घे. नझीर, पंखा बंद कर, रंग सुकतो.

नझीर : केला. घामानं मी विरघळलो, तर बोर्डावर माझंपण नाव घाला.

हैबतराव : मनगट टेकव. करंगळीवर जोर नको. रेघ ओढताना श्वास सोडायचा, घ्यायचा नाय. वरची पापणी आधी. आणि घाई...

मनाली : बाबा, आखणी चालू असताना कारखान्यात बोलायचं नसतं.

हैबतराव : कुणी सांगितलं?

मनाली : तुम्ही. मी सहा वर्षांची असताना. दाराबाहेर काढलं होतं मला.

हैबतराव : ...बरं.

नझीर : हैबतराव, तू काय पुटपुटतोयस?

हैबतराव : कुठं काय. तूच बोलतोयस. गप.

नझीर : तुझे ओठ हलतायत.

हैबतराव : ती रेघ ओढते, तेव्हा मी श्वास सोडतोय. आपोआप होतंय. बघू नको माझ्याकडं.

मनाली : झालं. दोन्ही झाले. बाबा, तुम्ही बघा. मला बघवत नाही.

नझीर : या अल्ला! हा माझ्याकडंच बघतोय. मी इकडं सरकलो, तरी माझ्याकडंच. मी ह्याचं कायतरी खाल्लंय असं वाटायला लागलं मला.

हैबतराव : ओळखलेस काय हे डोळे?

नझीर : कुणाचे? थांब... शकूवहिनी!

हैबतराव : शकू. पालघरला लग्नाला गेलो आणि सांगितल्यापेक्षा दोन दिवस उशिरा आलो, त्या दिवशीची.

मनाली : बाबा, मी मुद्दाम नाही काढले! मी फक्त कोणीतरी जबरदस्त, कशालाच न घाबरणारं असं मनात आणलं होतं. पुसू? ओलं आहे तोवर पुसता येईल.

हैबतराव : हात लावलास तर बघ. पंचेचाळीस वर्षांत मला कुठल्या मूर्तीची भीती वाटली नव्हती. आज वाटली. बरोबर झालेत.

नझीर : वहिनी गडब गावाहून परत येण्याआधी मी हा नेतो. रघू! ये आत, उचलायचाय. शेपटीकडनं धर, तोंडाकडं जाऊ नको. हैबतराव, मग बोर्डावर तुझीच गोष्ट घालतो, गुण मिळाले तर मंडळाचे.

हैबतराव : घाल. म्हाताऱ्याचं नाव घालू नको. आखणी कुणाची, ते मात्र मोठ्या अक्षरात लिही, मनालीची.

मनाली : बाबा, राहू दे ना. पहिलीच आहे.

हैबतराव : पहिली म्हणूनच. आणि ऐक गो. उद्या सकाळी आत बाप्पाच्या पुढं बसशील, तेव्हा असली आई मनात आणू नको. तुला ताप यायचा तेव्हा उशाशी बसून असायची, ती आण.